रस्त्याची कड कोणाची?

रस्ता हा चालण्यासाठी असतो, हे कोणाला पटवून द्यावे लागत नाही. परंतु चालणारा मनुष्य केव्हा ना केव्हा थांबतो, आणि गाडी तर चालण्यापेक्षा उभीच अधिक वेळ राहते. चालत्या गाडीला रस्त्यावरील जागा क्षणभर लागते. उभी गाडी ती जागा अडवून बसते. ह्या उभ्या गाडीला जागा कोणी द्यावी, किती वेळ द्यावी, आणि फुकट द्यावी की मोबदला घेऊन द्यावी, हा प्रश्न मोठ्या शहरांच्या कारभाऱ्यांपुढे कधी ना कधी आलाच आहे. नगरसभेचा त्यासंबंधीचा ठराव चार ओळींचा असतो व त्याची पाटी हातभर असते. म्हणून हा विषय क्षुल्लक वाटतो. वस्तुतः ती पाटी म्हणजे सर्वांच्या मालकीच्या जमिनीची वाटणी असते. जमिनीची वाटणी किती नाजूक असते, हे ज्याच्या घरी बांधावरून भाऊबंदकी झाली आहे त्याला सांगावयास नको.

प्रश्न मोटारीहून पुष्कळ जुना आहे. इसवी सनापूर्वी ४५ च्या सुमारास, ज्यूलियस सीझरच्या काळात, रोम शहरात सूर्योदयापासून दिवसाच्या दहाव्या तासापर्यंत चाकांच्या गाड्यांना बंदी करण्यात आली. देवळे व सार्वजनिक इमारती यांचे सामान वाहणाऱ्या गाड्यांना तेवढी सूट होती. दिवसाची गर्दी त्यामुळे कमी झाली, परंतु माल तर शहरात यावयासच हवा होता. तो रात्री येऊ लागला. पुढे ज्युवेनल ह्या रोमन कवीने आपल्या उपहासकाव्यात, अरुंद गल्ल्यांतून रात्रभर चालणाऱ्या गाड्यांमुळे झोप लागत नाही, अशी तक्रार करून ठेवली आहे. रस्त्यासंबंधीच्या प्रत्येक निर्णयात एकाची सोय ही दुसऱ्याची अडचण होते, ह्याचे हे जुने उदाहरण होय.

रस्त्यावर थांबण्याचा हक्क किती, ह्याचा कायदेशीर विचार इंग्लंडात १८१२ साली एका खटल्यात झाला. लंडनमधील एका गाडीवाल्याच्या प्रवासी घोडागाड्या एक फेरी संपली की दुसरी सुरू होईपर्यंत भर रस्त्यात उभ्या राहत असत. लॉर्ड एलनबरो हे त्या वेळी मुख्य न्यायाधीश होते. उतारू घेण्यासाठी व उतरविण्यासाठी गाडी थांबणे हे लोकांच्या सोयीचे आहे, पण तेही वाजवी वेळातच व्हावयास पाहिजे; दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात गाडी ठेवण्यासाठी मालकाने स्वतःची खाजगी जागा पाहावी, राजरस्त्याचा तबेला करण्याचा अधिकार कोणालाही नाही, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. थांबणे निराळे आणि ठाण मांडणे निराळे, हा भेद त्या दिवशी कायद्याच्या भाषेत मांडला गेला. परंतु ‘वाजवी वेळ’ म्हणजे किती, हे मात्र न्यायाधीशांनी घड्याळ लावून सांगितले नव्हते. ते काम पुढे शहरांच्या कारभाऱ्यांवर येऊन पडले.

मोटारी आल्यानंतर पाट्यांचे युग सुरू झाले. आरंभीच्या पाट्या बहुधा हुकूम करीत नसत, त्या सावध करीत. १९०९ साली पॅरिस येथे मोटारींच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीविषयी करार झाला, त्यात सर्व देशांनी वापरावयाच्या चार खुणा ठरविण्यात आल्या: खाचखळगा, वळण, चौक आणि रेल्वेचे फाटक. चारही खुणा धोक्याच्या होत्या. मनाईची त्यांत एकही नव्हती. खेड्यापाड्यांतून धावणाऱ्या विरळ मोटारींना एवढे पुरेसे होते. शहरात मात्र धोका वळणापेक्षा शेजाऱ्याच्या मोटारीपासून अधिक होता. म्हणून ‘येथे थांबा’, ‘येथे थांबू नका’, ‘येथे एक तासच थांबा’ असे सांगणाऱ्या पाट्या शहरांच्या रस्त्यांवर उभ्या राहू लागल्या. मोटारींची वाढ सर्वांत वेगाने अमेरिकेत झाली, आणि उभ्या मोटारीचा प्रश्नही तेथेच प्रथम निकरावर आला.

ज्या शहरात तो निकरावर आला, त्याचा जन्मच मोठा चमत्कारिक आहे. २२ एप्रिल १८८९ रोजी, मूळ रहिवाशांच्या जमातींकडून अमेरिकन सरकारने घेतलेला एक विस्तीर्ण प्रदेश वसाहतीसाठी खुला झाला. दुपारी बाराला इशारा होताच हजारो लोक घोड्यांवरून, गाड्यांतून व आगगाडीतून आत घुसले. जो प्रथम पोचला त्याने खुंट ठोकून जमीन आपली म्हटली. त्या दिवशी सकाळी जेथे रेल्वेचे लहानसे ठाणे होते, तेथे संध्याकाळपर्यंत सुमारे दहा हजार माणसांचे तंबूंचे गाव वसले. हेच ओक्लाहोमा शहर. १९१० साली त्याची वस्ती ६४ हजारांच्या वर गेली होती. १९३० साली ती १ लाख ८५ हजारांवर पोचली. १९२८ च्या डिसेंबरात शहराच्या हद्दीलगतच खनिज तेल लागले आणि पैशाबरोबर मोटारीही वाढल्या.

रस्त्याच्या कडेचा नियम मात्र अद्याप १८८९ सालचाच होता: जो प्रथम येईल त्याची जागा. त्याचा परिणाम असा झाला की, बाजारपेठेतील कचेऱ्यांत व दुकानांत काम करणारी मंडळी सकाळी लवकर येत, दुकानांसमोरच आपल्या मोटारी लावीत आणि संध्याकाळी घेऊन जात. दुपारी सामान घ्यावयास आलेल्या गृहिणीला अथवा बाहेरगावच्या शेतकऱ्याला तसूभर जागा उरत नसे. अशी गिऱ्हाइके चार फेऱ्या मारून परत जात. म्हणजे दुकानाच्या नोकराचीच मोटार दुकानाचे गिऱ्हाईक परतवीत होती.

नगरसभेने यावर उपाय केला नव्हता असे नाही. ठराविक वेळेपेक्षा अधिक थांबू नये, अशी मर्यादा होती. परंतु पाटी वाचणाऱ्याचे घड्याळ पाटीला दिसत नाही. कोणती मोटार केव्हापासून उभी आहे हे ओळखण्यासाठी पोलीस शिपाई चाकांच्या रबरावर खडूची खूण करीत जाई आणि काही वेळाने परत येऊन पाही. खूण पुसणे, किंवा मोटार हातभर पुढे घेऊन खूण चाकाखाली दडविणे, ह्याला फारशी बुद्धी लागत नसे. शिवाय साऱ्या बाजारपेठेतील चाके तपासावयाची तर पोलिसांची एक पलटणच लागली असती. ठराव होता, पाटी होती; दोघांनाही विचारीत मात्र कोणी नव्हते.

ह्या स्थितीत शहराच्या व्यापारी मंडळाने रहदारीच्या प्रश्नासाठी नेमलेल्या समितीची सूत्रे कार्ल मॅगी यांच्याकडे आली. मॅगी हे व्यवसायाने पत्रकार. पूर्वी न्यू मेक्सिको प्रांतात वृत्तपत्र चालवीत असताना, अमेरिकेचे अंतर्गत खात्याचे मंत्री आल्बर्ट फॉल यांच्याकडे अचानक आलेल्या पैशाविषयी त्यांनी निर्भयपणे लिहिले होते. सरकारी मालकीचे तेलसाठे खाजगी कंपन्यांना दिल्याच्या त्या प्रकरणात फॉल यांना १९२९ साली लाच घेतल्याबद्दल शिक्षा झाली. सार्वजनिक मालमत्ता खाजगी हाती गेली की काय होते, हे मॅगी यांनी जवळून पाहिले होते. रस्त्याची कड हीही सार्वजनिक मालमत्ताच. तिच्यासाठी त्यांनी एका यंत्राची कल्पना काढली. शिपायाऐवजी प्रत्येक जागेपुढे एक घड्याळ उभे करावे, आणि ते थांबणाऱ्यानेच नाणे टाकून चालू करावे.

कल्पना मॅगींची, ती लोखंडात उतरविली स्टिलवॉटर येथील कृषी व यंत्रविद्या महाविद्यालयातील अभियंत्यांनी. तेथील प्राध्यापक थ्यूसेन आणि त्यांचे सहकारी जेरल्ड हेल यांनी १९३३ च्या सुमारास चालणारा नमुना तयार केला. यंत्रे बनविण्याचे काम टल्सा येथील एका कारखान्याने घेतले. तेलविहिरींत स्फोट घडविण्यासाठी लागणारी वेळदर्शक उपकरणे बनविण्याचा त्या कारखान्याला अनुभव होता. नाणे टाकले की काटा ठरलेल्या खुणेवर जाई, वेळ सरेल तसा मागे येई, आणि मुदत संपताच दुरूनही दिसेल अशी खूण वर येई. शिपायाला आता चाकाकडे वाकून पाहावे लागणार नव्हते.

१६ जुलै १९३५ रोजी फर्स्ट स्ट्रीट व रॉबिन्सन अॅव्हेन्यू यांच्या चौकाशेजारी जगातील पहिला पार्किंग मीटर उभा राहिला. दर तासाला पाच सेंट असा होता. प्रथम ही यंत्रे रस्त्याच्या एकाच बाजूला बसविण्यात आली. लोक संतापले. ज्या रस्त्यासाठी कर भरला, त्याच रस्त्यावर थांबण्यासाठी पुन्हा पैसे का द्यावे, असा त्यांचा सवाल होता, आणि तो मुळीच मूर्खपणाचा नव्हता. पण थोड्याच दिवसांत एक गोष्ट सर्वांच्या दृष्टीस पडली. मीटर असलेल्या बाजूला मोटारी येत होत्या, जात होत्या, जागा मोकळी होत होती. समोरच्या फुकट बाजूला सकाळच्या मोटारी संध्याकाळपर्यंत तशाच उभ्या होत्या. तेव्हा त्या बाजूचे दुकानदार आपल्याही दारात मीटर लावा म्हणून मागणी करू लागले. आरंभी दंडाची चिठ्ठी मिळालेल्यांत एक धर्मोपदेशक होते. नाणे मोडून आणण्यासाठी दुकानात गेलो होतो, असे त्यांनी न्यायालयात सांगितले आणि न्यायाधीशांनी त्यांना सोडून दिले. पुढे कित्येकांनी ही सबब सांगितली असेल; पहिल्यांदा मात्र ती नवी होती.

मॅगींनी ह्या यंत्रांसाठी जी कंपनी काढली, तिच्या नावात ‘दुहेरी’ ह्या अर्थाचा शब्द होता. तो शब्द यंत्राच्या स्वभावालाही तंतोतंत लागू पडतो. मीटर दोन कामे एकदम करतो: जागेची पाळी लावतो आणि पैसे गोळा करतो. पाळी लावण्यासाठी पैसे घेणे ही एक गोष्ट. पैसे मिळविण्यासाठी पाळी लावणे ही दुसरी. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. तोच खांब, तेच नाणे, तीच पाटी. त्यांतला भेद केवळ ठराव करणाऱ्याच्या हेतूत असतो, आणि तो शोधण्याची पाळी लवकरच न्यायालयांवर आली.

१९३७ साली ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने मीटरांचा ठराव कायदेशीर ठरविला. रहदारीला शिस्त लावणे हा नगरसभेचा अधिकार आहे व त्या व्यवस्थेसाठी घेतलेली फी ही त्या अधिकाराचाच भाग आहे, असे त्याचे धोरण होते. त्याच वर्षी अलाबामा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बर्मिंगहॅम शहराच्या मीटरांविरुद्ध निकाल दिला. यंत्र एकच, वर्षही एकच. निकाल मात्र उलट. १९४० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच अमेरिकेत मीटरांची संख्या लाखाच्या पलीकडे गेली. पण १९४८ साली नॉर्थ डाकोटा राज्याच्या मतदारांनी सार्वमत घेऊन रस्त्यांवरील पार्किंग मीटरांना बंदी केली. लंडनला मीटर पोचावयास आणखी दहा वर्षे लागली. १० जुलै १९५८ रोजी वेस्टमिन्स्टर नगरसभेने ग्रोव्हनर चौकाच्या परिसरात ६२५ मीटर सुरू केले. तासाला सहा पेन्स असा दर होता. एलनबरो यांच्या ‘वाजवी वेळे’ला इंग्लंडातही अखेर घड्याळ मिळाले.

त्यापुढील इतिहास हा यंत्राचा नसून हेतूचा आहे, आणि तीन शहरांच्या निर्णयांवरून तो स्पष्ट होतो.

पहिले शहर कॅलिफोर्नियातील पॅसाडीना. तेथील जुनी बाजारपेठ विसाव्या शतकात पडझडीला आली होती. मीटर लावण्यास दुकानदारांचा विरोध होता. उरलीसुरली गिऱ्हाइकेही जातील, अशी त्यांची भीती होती. नगरसभेने त्यांना वचन दिले की, येथे मिळणारे उत्पन्न येथेच खर्च होईल. १९९३ साली तासाला एक डॉलर दराने मीटर लागले, आणि त्या पैशातून पदपथ, झाडे, दिवे व झाडलोट यांची सोय झाली. नाणे टाकणाऱ्याला आपले नाणे पायाखालच्या फरशीत दिसू लागले. बाजारपेठ पुन्हा उभी राहिली, त्यात ह्या वचनाचा वाटा मोठा मानला जातो.

दुसरे शहर शिकागो. डिसेंबर २००८ मध्ये तेथील नगरसभेने सुमारे ३६ हजार मीटरांचे उत्पन्न एका खाजगी कंपनीला ७५ वर्षांसाठी लिहून दिले व त्याच्या मोबदल्यात सुमारे ११५ कोटी डॉलर एकरकमी घेतले. अर्थसंकल्पातील तूट भरून काढणे हा त्यामागचा उद्देश होता. करार जाहीर झाल्यापासून मतदानापर्यंत नगरसेवकांना विचारासाठी जेमतेम दोन-तीन दिवस मिळाले. पुढल्याच वर्षी शहराच्या तपासणी अधिकाऱ्याने अहवाल दिला की, हा हक्क किमान ९७ कोटी डॉलरांनी स्वस्त विकला गेला. परंतु खरा तोटा पैशाचा नव्हे. एखादा रस्ता मिरवणुकीसाठी बंद करावयाचा असला, अथवा मीटर काढून तेथे सायकलींसाठी वाट करावयाची असली, तर त्या जागेच्या बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई कंपनीला देण्याचे दायित्व शहरावर आले. जे कारभारी मतदानाला बसले, त्यांच्या नातवंडांच्या काळापर्यंत रस्त्याची कड गहाण पडली. मॅगींनी ज्या व्यवहाराविरुद्ध लेखणी उचलली होती त्यात लाच होती, येथे सर्व काही उघड व कायदेशीर होते. तरी सार्वजनिक मालमत्ता घाईने हातची गेली, एवढे साम्य उरतेच.

तिसरे उदाहरण लंडनच्या उत्तरेकडील बार्नेट ह्या उपनगराचे. तेथील नगरसभेने २०११ साली रहिवाशांना घरासमोर मोटार लावण्यासाठी लागणाऱ्या वार्षिक परवान्याची फी ४० पौंडांवरून १०० पौंड केली. पाहुण्यांच्या मोटारीसाठी लागणारे तिकीट १ पौंडावरून ४ पौंडांवर नेले. एका रहिवाशाने त्याविरुद्ध दाद मागितली. जुलै २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने ही वाढ बेकायदा ठरविली. मोटारी उभ्या करण्यासंबंधीचा कायदा हा रहदारीच्या नियमनासाठी आहे, इतर खर्चासाठी उत्पन्न मिळविण्याचे ते साधन नव्हे, असा निकालाचा मथितार्थ होता. म्हणजे १९३७ साली अमेरिकेत ज्या भेदावर वाद झाला, तोच पाऊणशे वर्षांनी इंग्लंडात निर्णायक ठरला.

आपल्याकडील स्थितीही ह्या इतिहासाशी जोडून पाहण्यासारखी आहे. भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने, आणि त्याची जागा घेणाऱ्या १९८८ च्या कायद्याने, रहदारीच्या पाट्या लावण्याचा व वाहने उभी करण्याच्या जागा ठरविण्याचा अधिकार दिलेला आहे. १९८८ च्या कायद्याच्या ११७ व्या कलमानुसार अशा जागा राज्य सरकार किंवा त्याने नेमलेला अधिकारी ठरवितो. मात्र त्यासाठी स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करावा लागतो. पुणे-मुंबईकडील रस्त्यांवर ‘पी-१’, ‘पी-२’ अशा पाट्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. एका बाजूला सम तारखेस व दुसऱ्या बाजूला विषम तारखेस गाड्या उभ्या कराव्यात, अशी ही योजना. पंचांग न पाहता केवळ तारखेवर पाळी लावणारी ही पद्धत खर्चाची नाही आणि पक्षपाताचीही नाही: आज एका दुकानासमोर गर्दी, तर उद्या समोरच्या. परंतु पाळी दिवसाची आहे, तासाची नव्हे. सकाळी आलेली गाडी रात्रीपर्यंत हलली नाही तरी ती पाटी तिला काही बोलत नाही. ओक्लाहोमा शहराला १९३५ पूर्वी भेडसावणारी अडचण येथे तशीच शिल्लक राहते.

पैसे घेऊन वाहने उभी करू देण्याचा प्रस्ताव आला की आपल्या शहरांतही तोच जुना सवाल उठतो: कर भरूनही पुन्हा पैसे का? ह्या सवालाला पॅसाडीनाने दिलेले उत्तर एक, आणि शिकागोने दिलेले दुसरे. पैसा कोठे जातो हे लोकांना दिसले तर ते कुरकुर करून का होईना देतात; तो दिसेनासा झाला की पाटीवरचा विश्वासही उडतो. आणि ज्याच्याजवळ मोटार नाही, जो त्याच कडेने पायी चालतो किंवा बसची वाट पाहत उभा राहतो, त्याचाही त्या जागेत वाटा आहे, ही गोष्ट फुकटवाले आणि मीटरवाले दोघेही सहज विसरतात. उभ्या मोटारीने अडविलेली जागा अखेर त्याच्याही रस्त्यातून घेतलेली असते.

ह्या साऱ्या इतिहासात यंत्रे बदलली. खडू गेला, नाणे गेले, कित्येक शहरांतून खांबही गेला व पैसे देण्याचे काम फोनवर होऊ लागले. लॉर्ड एलनबरो यांनी घालून दिलेला भेद मात्र टिकून आहे. थांबण्याचा हक्क सर्वांना आहे, ठाण मांडण्याचा कोणालाही नाही. दिवसभर मोटार लावून ठेवणाऱ्याला नाही आणि पाऊणशे वर्षांचा करार खिशात घातलेल्या कंपनीलाही नाही. नगरसभेच्या पटलावर चार ओळींचा ठराव येतो तेव्हा विचारावयाचा प्रश्न एवढाच: ह्या पाटीने पाळी लागणार आहे, की केवळ पैसा गोळा होणार आहे? प्रश्न साधा आहे. पण तो पाटी लागण्यापूर्वी विचारावा लागतो.